नावं बदला, पेच ठेवा: मास्ट्रिख्टच्या वेढ्यातून खेळाची मोहीम

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही कधी किल्ला केला असेल, तर खऱ्या इतिहासातून काल्पनिक खेळ कसा उभा राहतो हे तुम्हाला आधीच माहीत आहे. माती कालवायची, विटांवर गोणपाट टाकून डोंगर करायचा, उतारावर हळीव पेरायचे, वर महाराज आणि पायऱ्यांवर मावळे मांडायचे. मग कुणीतरी प्लास्टिकचा वाघ आणून गुहेत बसवायचा, कुणीतरी पायथ्याशी एसटी उभी करायची. "हा कोणता किल्ला?" असं मोठ्या माणसानं विचारलं की बेधडक "राजगड!" म्हणून सांगायचं. राजगडाशी त्याचं फारसं साम्य नसायचं. पण पाणी कुठे, दरवाजा कुठून दिसतो, शत्रू आला तर कोणत्या वाटेने येईल, यावर तासन्‌तास भांडणं व्हायची.

हाच उद्योग मोठेपणी चार-पाच जण टेबलाभोवती बसून करतात, तेव्हा त्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो. एक जण सूत्रधार होतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये त्याला डंजन मास्टर म्हणतात. सूत्रधार प्रसंग सांगतो: "दार बंद आहे, आतून कुणीतरी खोकतंय, तुम्ही काय करता?" खेळाडू ठरवतात, आणि जिथे यशाची खात्री नाही तिथे फासे टाकतात. असे प्रसंग आठवड्यामागून आठवडे जोडत नेले की जी लांबलचक गोष्ट तयार होते, तिला कॅम्पेन म्हणतात. मराठीत त्यासाठी आयता शब्द आहे: मोहीम.

मोहीम रचायला बसलेला सूत्रधार कधी ना कधी इतिहासाकडे वळतोच. राज्यं, घराणी, दगाफटका, दुष्काळ हे सगळं तिथे तयार असतं. प्रश्न असा की त्यातलं घ्यायचं काय आणि सोडायचं काय? आमचं उत्तर चार शब्दांचं आहे: नावं बदला, पेच ठेवा. त्याचा अर्थ एका शहराच्या आधारे समजावून घेऊ. नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला, मास नदीच्या काठी वसलेलं मास्ट्रिख्ट. युरोपीय संघाच्या १९९२च्या करारामुळे हे नाव तुमच्या कानावर असेल. आमचा लहानसा मराठी गट याच शहरात शनिवारी संध्याकाळी खेळायला बसतो, त्यामुळे उदाहरण घरचंच आहे.

खेळाचं मूळच इतिहासात

आधी एक गैरसमज दूर करू. ड्रॅगन आणि जादूगारांचे हे खेळ इतिहासापासून लांब आहेत असं वाटतं, पण त्यांचा जन्म इतिहासाच्या टेबलावरच झाला. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी नकाशावर लढाईचा खेळ सुरू झाला. दोन्ही पक्षांचे हुकूम ऐकून निकाल सांगणारा एक पंच त्यात असायचा. आजचा सूत्रधार हा त्या पंचाचाच वंशज.

१९६९मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेझली यांनी नेपोलियनच्या काळातल्या 'ब्राउनश्टाइन' नावाच्या काल्पनिक गावावर एक खेळ मांडला. गाव काल्पनिक, युद्ध खरं. फौजा हलवण्याआधी त्यांनी खेळाडूंना गावातली माणसं वाटून दिली, आणि प्रत्येकाला स्वतःचा हेतू दिला. लढाई राहिली बाजूला. लोक कोपऱ्यात जाऊन एकमेकांशी कट करू लागले, दोघांनी तर द्वंद्वयुद्धच सुरू केलं. वेझलींना वाटलं आपला खेळ फसला. खेळाडू म्हणाले, पुन्हा कधी खेळायचं? त्याच मंडळींतल्या डेव्ह आर्नेसन यांनी तो धागा पुढे नेला, आणि १९७४मध्ये गॅरी गायगॅक्स यांच्यासोबत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला.

यातून आपल्याला कामाची गोष्ट मिळते. घटना कितीही मोठी असो, तिच्यातल्या माणसांना काहीतरी हवं असलं आणि ते सहज मिळत नसलं, की खेळ आपोआप सुरू होतो.

२५ जून १६७३ची सकाळ

आता मास्ट्रिख्टकडे येऊ. १६७३च्या जूनमध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई स्वतः फौज घेऊन या शहरासमोर उतरला. त्याच्याकडे ४० हजारांहून जास्त सैन्य. आत डच शिबंदी साधारण ५ ते ६ हजारांची. २४ जूनच्या रात्री टॉन्गरेन दरवाज्यासमोरच्या बाहेरच्या ठाण्यावर फ्रेंचांनी हल्ला चढवला आणि ते घेतलं. दुसऱ्या दिवशी डचांनी सुरुंग उडवून उलट हल्ला केला आणि ते परत मिळवलं.

इथे प्रसंग थांबवा. फ्रेंचांच्या बाजूने लढणाऱ्या इंग्लिश तुकडीचा प्रमुख आहे मॉनमथचा ड्यूक, इंग्लंडच्या राजाचा अनौरस मुलगा, वय २४. ठाणं परत घ्यायचं त्याच्या मनात भरलंय, तेही मोर्च्यांच्या आडोशाने न जाता सरळ उघड्यावरून. शेजारी उभा आहे साठी ओलांडलेला एक मस्केटियर अधिकारी. त्यानं अशी मैदानं आयुष्यभर पाहिली आहेत. आदल्या वर्षी त्याला लीलचा गव्हर्नर नेमलं होतं. कारभारात त्याचा जीव रमला नाही आणि तो पुन्हा रणात आला. सांगतात की या उघड्या धावेला त्यानं हरकत घेतली. तरी पोरगा निघाला तेव्हा तोही निघाला, आणि गोळी लागून तिथेच पडला. त्याचं नाव दार्तान्यां. होय, 'थ्री मस्केटियर्स'मधला. आज ॲल्डेनहोफपार्कमध्ये त्याचा पुतळा आहे.

अलेक्झांडर ड्यूमांनी १८४४मध्ये ती कादंबरी लिहिली. आधाराला कुर्तिल द सांद्रासचं १७००मधलं पुस्तक होतं, दार्तान्यांच्या आठवणी म्हणून रचलेलं. ॲथॉस, पोर्थॉस, अरामिस या नावांमागेही खरी माणसं होती. ड्यूमांनी नावं ठेवली आणि बाकी सगळं हवं तसं हलवलं. खरा दार्तान्यां जन्मला १६११च्या आसपास, पण कादंबरीत तो १६२५मध्येच तलवार घेऊन पॅरिसला पोचतो. या मालिकेच्या शेवटी, पुढच्या कादंबरीत, तो एका वेढ्यात, मार्शलपदाचा दंड हाती येतो त्याच क्षणी, तोफगोळा लागून मरतो.

मग ड्यूमांना चाललं ते आपल्याला का चालणार नाही? कारण कादंबरीकार सगळ्यांचे फासे एकटाच टाकतो. तुमच्या टेबलावर चार खेळाडू आहेत, आणि नावं खरी ठेवली की त्यांना शेवट माहीत असतो. दार्तान्यां मरणार हे ठाऊक असलेला खेळाडू दोनच गोष्टी करतो: गुमान मरायला जातो, नाहीतर मुद्दाम घरी बसतो. दोन्हींत निर्णय असा उरत नाही.

नावं काढून बघा. डोंगरी राज्याच्या राणीचा उतावळा मुलगा, त्याच्या हाताखाली म्हातारा रक्षक, समोर उघडं मैदान, आणि आडोशाची वाट अर्ध्या तासाने लांब. "राजपुत्र धावत सुटलाय. तुम्ही काय करता?" आता टेबलावर कुणालाच शेवट माहीत नाही. आज्ञा पाळायची की अनुभव, हा पेच मात्र १६७३मध्ये होता तसाच राहिला. जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांतलं 'रेड वेडिंग' असंच घडलं. त्याचं मूळ १४४०मध्ये एडिंबरोच्या किल्ल्यात पाहुण्यांना जेवायला बोलावून केलेल्या हत्येत आणि १६९२च्या ग्लेन्कोच्या कत्तलीत आहे, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. पाहुण्याला अभय असतं हा समज मोडण्यातली दहशत त्यांनी उचलली. स्कॉटलंड मागे ठेवलं.

दोन धन्यांचं गाव

पेच शोधायचा तर लढाईच्या वर्णनात कमी, कारभाराच्या कागदांत जास्त सापडतो. मास्ट्रिख्टवर तेराव्या शतकापासून १७९४पर्यंत दोन धन्यांची सत्ता होती. एक ब्राबांटचा ड्यूक, दुसरा लिएजचा राजा-बिशप. १२८४च्या करारात दोघांचे हक्क लिहून ठेवले गेले. १६३२मध्ये डचांनी शहर जिंकलं तेव्हा ब्राबांटचा वाटा त्यांच्याकडे गेला. बिशपचा तसाच राहिला. प्रत्येक धन्याचं न्यायालय वेगळं, अधिकारी वेगळे. माणूस कोणत्या धन्याचा हे त्याच्या आईवरून ठरायचं: आई लिएजची तर मूल लिएजचं.

आता हे तुमच्या काल्पनिक शहरात न्या. पुलावर खून झालाय. संशयित पकडला. पहिला प्रश्न, "तुझी आई कोणाची?" तो म्हणतो, मी अनाथ आहे. दोन न्यायाधीश, दोन तुरुंग, आणि दोघांनाही तो हवाय. किंवा दोघांनाही नकोय. खेळाडू ज्या दारावर थाप मारतील तिकडचा पक्ष त्यांनी घेतला असं सगळं गाव धरून चालेल. अशा शहरात तीन महिने राक्षस आणावा लागत नाही.

वेढा म्हणजे घड्याळ

मास्ट्रिख्टच्या वेढ्याचं काम लुईने व्होबां या इंजिनियरकडे सोपवलं होतं. त्याने इथे पहिल्यांदा समांतर खंदकांची पद्धत पूर्णपणे वापरली. तटाला समांतर एक लांब खंदक खणायचा, तोही तोफांचा मारा नीट पोचणार नाही इतक्या अंतरावर. तिथून नागमोडी वाटा पुढे न्यायच्या, म्हणजे सरळ गोळी आत शिरत नाही. मग दुसरा समांतर खंदक, मग तिसरा. १७ जूनच्या रात्री खणायला सुरुवात झाली. ३० जूनला शहराने शरणागती पत्करली.

सूत्रधाराला यातून फार उपयोगी साधन मिळतं. शहराच्या नकाशावर तटाबाहेर तीन रेषा पेन्सिलीने आखा. खेळातल्या प्रत्येक रात्रीनंतर एक तुकडा गडद करा, सगळ्यांना दिसेल असा. तटावर उभं राहिलं की काल होती त्यापेक्षा माती आज जवळ दिसते. एका दिवसात एकच काम होईल असं ठरवा: बाहेर पडून छापा घालायचा, जमिनीखालून उलटा सुरुंग खणायचा, मदतीला माणूस धाडायचा, की धान्याची कोठारं मोजायची? निवडलेल्या कामापेक्षा सोडून दिलेली कामं खेळाडूंना जास्त छळतात.

याच घड्याळात दुसरा पेच लपलाय. त्या काळचा रिवाज असा की तटाला खिंडार पडल्यावर वेळेत तह केला तर शिबंदीला मानाने बाहेर पडता यायचं. हट्ट धरला आणि शहर हल्ल्यात पडलं, तर लूट आणि कत्तल. मास्ट्रिख्टने ते भोगलं होतं. १५७९मध्ये पार्माच्या स्पॅनिश फौजेने जवळपास चार महिन्यांच्या वेढ्यानंतर शहर घेतलं आणि रहिवाशांची कत्तल केली. १६७३च्या रहिवाशांसाठी ही आजी-पणजीच्या तोंडची गोष्ट होती. शिबंदीला अब्रू राखायची असते, गावाला जगायचं असतं, आणि किल्लेदार या दोघांच्या मध्ये. खेळाडूंना किल्लेदार करू नका. किल्लेदार ज्यांचं ऐकतो अशी दोन-तीन माणसं करा.

डोंगराच्या पोटातली घोरपड

फॅन्टसीसाठी राक्षस, गुहा, खजिना तर हवेतच. शहराच्या दक्षिणेला सिंट पीटर्सबर्ग नावाची टेकडी आहे. शतकानुशतकं तिथला मऊ पिवळसर चुनखडक करवतींनी कापून काढला, आणि मागे बोगद्यांचं प्रचंड जाळं उरलं. शहराच्या तटबंदीखालीही सुरुंगयुद्धासाठी खणलेल्या भुयारी वाटा आहेत. दुसऱ्या महायुद्धात रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच' हे भलंमोठं चित्र या टेकडीतल्या कोठडीत लपवलं होतं. कुठला सूत्रधार याहून चांगला खजिना रचेल?

अठराव्या शतकात याच खाणीत एका अजस्र प्राण्याचा जबडा सापडला. १७९४मध्ये शहर जिंकल्यावर फ्रेंचांनी तो पॅरिसला नेला. लपवलेला जबडा शोधून देणाऱ्याला ६०० बाटल्या वाइनचं बक्षीस ठेवलं होतं अशी दंतकथा त्याला चिकटली आहे. शास्त्रज्ञांनी त्या प्राण्याला घोरपडीच्या कुळाजवळ बसवलं आणि त्याचं नाव पडलं मोसासॉरस, म्हणजे मास नदीचा सरडा.

घोरपड म्हटल्यावर तुम्हाला सिंहगड आठवला असणार. ४ फेब्रुवारी १६७०च्या रात्री तानाजी मालुसरे कडा चढले हा इतिहास. दोर घेऊन वर गेलेल्या यशवंती घोरपडीला इतिहासकार दंतकथा मानतात. म्हणजे आपल्या शाहिरांनी हे काम आधीच केलंय. लोक म्हणाले, असा कडा माणूस कसा चढेल? शाहिरांनी त्या अचंब्याला शेपूट आणि नख्या दिल्या. फॅन्टसीचं उत्तम काम हेच. जिथे खऱ्या माणसांना आश्चर्य किंवा भीती वाटली, नेमक्या त्याच जागी अद्भुत ठेवा. खाणकामगाराला अंधारात जबडा दिसला तिथे तुमचा ड्रॅगन शोभतो. बाजारात उगाच उडणारा नाही.

पाच मुंडकी

आता अवघड भाग. जुन्या तटावर 'पाच मुंडकी' नावाचा बुरूज आजही आहे. १६३८मध्ये शहर स्पॅनिशांच्या हाती देण्याचा कट केल्याच्या आरोपावरून धर्मगुरूंसह काही जणांचा शिरच्छेद झाला आणि मुंडकी इथे लावली गेली. त्यांत फ्रान्सिस्कन मठाचा प्रमुख फादर व्हिंक होता. त्याचा छळ करून कबुलीजबाब घेतला होता. तो खरंच दोषी होता का, यावर आजही मतभेद आहेत.

खेळासाठी हे सोनं आहे, आणि म्हणूनच सांभाळायला हवं. सूत्रधाराला मोह होतो की आधीच ठरवून टाकावं: साधू निर्दोष, न्यायाधीश दुष्ट. ठरवलंत की खेळाडू तुमचं उत्तर शोधत बसतील. त्यापेक्षा तीन साक्षी लिहा, तिन्ही थोड्या खऱ्या. आणि फादर व्हिंकचं नाव वापरू नका. छळ होऊन मेलेल्या खऱ्या माणसाला, फासा एक पडला म्हणून, शनिवारी रात्री हसत-खिदळत पुन्हा दोषी ठरवणं बरं नव्हे. नाव बदललं की तो त्या ओझ्यातून सुटतो, आणि तुमचे खेळाडूही.

दुसरी काळजी राक्षसांची. फॅन्टसीत शत्रूला वेगळी जात, वेगळी जमात करून टाकण्याची सोय असते, आणि खऱ्या घटनेतला एक पक्ष तसा उचलून 'ऑर्क' करणं फार सोपं जातं. तसं करू नका. ते नुसतं ओंगळ नाही, खोटंही आहे. मास्ट्रिख्टच्या खंदकात लुईसाठी लढून जखमी झालेला एक तरुण इंग्लिश अधिकारी होता जॉन चर्चिल. १७०४मध्ये, मार्लबरोचा ड्यूक म्हणून, ब्लेनहाइमला त्यानंच लुईच्या फौजेचा धुव्वा उडवला. आपल्याकडे आदिलशाहीच्या चाकरीत मराठे सरदार होते आणि शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. माणसं बाजू बदलतात, चाकरी करतात, घाबरतात. ऑर्क केलंत की हे सगळे पेच हातचे जातात.

त्याच वर्षी, पन्हाळ्यावर

१६७३ हे साल मराठी माणसाला वेगळ्या कारणाने ओळखीचं आहे. आदल्या नोव्हेंबरात विजापूरचा अली आदिलशहा वारला, दरबारात गोंधळ होता. ६ मार्च १६७३च्या रात्री कोंडाजी फर्जंद अवघे ६० जण घेऊन पन्हाळा चढले आणि किल्ला घेतला. त्यावर जयराम पिंड्ये यांनी 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान' हे संस्कृत काव्य रचलं. इकडे एका रात्रीत ६० माणसं. तिकडे तीन महिन्यांनी १३ दिवसांचे खंदक आणि ४० हजारांची फौज. खेळाच्या भाषेत पन्हाळा म्हणजे एका बैठकीचा छापा, मास्ट्रिख्ट म्हणजे कित्येक आठवड्यांची मोहीम. घटना निवडताना तुमच्या गटाकडे किती शनिवार आहेत ते आधी बघा.

आम्ही एकदा पन्हाळा खऱ्या नावांनिशी घ्यायचं ठरवलं. उत्साहाने सुरू झालं. पहिल्याच प्रसंगात महाराज मोहिमेची आखणी सांगतात, आणि तिथे फासा टाकायची वेळ आली. कुणी फासा उचलेना. चुकला तर? आमच्यातली एक मैत्रीण शेवटी म्हणाली, "हे मला नाही जमणार." तिचं बरोबर होतं. ज्या माणसाचं हरणं टेबलावर कुणालाच सोसणार नाही, त्याच्या नावाने खेळ होत नाही. फार तर पोवाडा होतो, आणि पोवाडा ऐकायला फासे लागत नाहीत.

पुढच्या शनिवारी आम्ही किल्ल्याचं नाव बदललं, राजा पडद्याआड ठेवला, आणि प्रत्येकाला त्या साठांपैकी एक माणूस दिला. एकाला उंचीची भीती. एकीचा भाऊ वर शिबंदीत चाकरीला. एक जण आधी या किल्ल्यावर पाणी भरत असे, त्याला वाट ठाऊक, पण ओळखला जाण्याची धास्ती. त्या रात्री भाऊ-बहिणीची गाठ तटावर पडली तेव्हा खोलीत कुणी चहाचा कपही हलवला नाही. तिने काय केलं ते इथे सांगत नाही; तुमच्या टेबलावर वेगळं होईल.

तर पुढची मोहीम रचताना एवढं करून बघा. घटना एकच घ्या, आणि तिच्याबद्दल वाचताना "काय झालं" यापेक्षा "कुणाला काय करता आलं असतं" याची टिपणं काढा. कारभाराचा एक विचित्र नियम शोधा, आईवरून धनी ठरवण्यासारखा. एक घड्याळ घ्या: खंदक, पाऊस, धान्य, काहीही. नावं, झेंडे, धर्म बदला. नायकाला पडद्याआड ठेवून खेळाडूंना त्याच्या शेजारी उभं करा. खेळ संपल्यावर मात्र खरी गोष्ट सगळ्यांना सांगा, नावांनिशी. आमच्या गटातल्या दोघांनी त्यानंतर 'पाच मुंडकी' बुरूज पहिल्यांदा जाऊन पाहिला, इथे चार वर्षं राहूनसुद्धा.